फोटोतले ते पॅड मीच आणले होते

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दोनेक महिन्यांपूर्वी आपल्या जिल्हा पानावर तालुक्याच्या शालेय हॉकी स्पर्धेचा फोटो आला होता. गोल झाल्यावर नाचणाऱ्या मुली मधोमध, आणि उजव्या कडेला, निम्मी कापली गेलेली, समोरच्या संघाची गोलकीपर. पॅड मांडीवर चढलेले, हेल्मेट भुवयांखाली उतरलेलं, छातीचं गार्ड पोत्यासारखं लोंबलेलं. चौकात चहाच्या टपरीवर पेपर उघडला तसे दोघंतिघं हसले. एकजण म्हणाला, "पॅडला पोरगी लावलीय का पोरीला पॅड?" मीही हसलो. मग सांगितलं, की ती माझी नात आहे आणि ते पॅड मीच आणलेत.

फोटो काढणाऱ्याची काही चूक नाही. समोर जे होतं ते त्यानं टिपलं. पण तो फोटो निघाल्यावर दहाबारा मिनिटांनी त्याच मैदानावर जे झालं ते बातमीत नाही, आणि ते माझ्यासारख्या बाकीच्या आजोबांना, आईबापांना कळावं म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण मापाचा मजकूर तेवढा कापू नका.

मी एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो. मुलगा लोणंदला कंपनीत शिफ्टमध्ये, सून दवाखान्यात नर्स. त्यामुळे नातीला मैदानावर नेणं-आणणं माझ्याकडं आलं. ती दहा वर्षांची, पाचवीत. आमच्या फलटण तालुक्यातून वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ अशा मुली भारताच्या संघापर्यंत पोचल्या. तेव्हापासून इथं पोरींच्या हातात स्टिक दिसली की कुणी वळून बघत नाही. आमची गोलकीपर कशी झाली तेही सांगतो. सरांनी विचारलं, "कीपर कोण होणार?" बाकीच्या सगळ्या एक पाऊल मागं सरकल्या. ही बुटाची नाडी बांधत होती.

सरावाला एकच संच होता, तोही क्रिकेटचा. दोन पॅड, एक हेल्मेट आणि एकाच हाताचा ग्लोव्ह. मी संशयी माणूस. हॉकीचा चेंडू खिशात घालून किराणा दुकानात नेला आणि काट्यावर ठेवला. १६० ग्रॅम. क्रिकेटचा सीझन चेंडू ठेवला, तोही तेवढाच. नंतर कळलं की नियमातही दोन्हींची वजनं जवळजवळ सारखीच आहेत, १५६ ते १६३ ग्रॅम. मग मी माझं शहाणपण काढलं: वजन सारखं, तर पॅडही सारखे चालणार.

नाही चालत. बॅट्समनचं काम चेंडू बॅटवर घेण्याचं, पॅडला लागला तो चुकून. कीपरचं कामच चेंडूपुढे पाय घालण्याचं. चेंडू येतो तो पायाच्या आतल्या कडेवर, घोट्यावर, अंगठ्यावर, आणि क्रिकेटचं पॅड तिथं उघडंच असतं. हॉकीत त्यासाठी बुटावर चढवायचे वेगळे किकर असतात, फोमचे, पावासारखे फुगलेले. ते नव्हते म्हणून पहिल्याच महिन्यात नातीच्या उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलं आणि निघालं. क्रिकेटचं हेल्मेट हनुवटीशी संपतं, खाली काहीच नाही. आणि हे सगळं १२ फूट रुंद, ७ फूट उंच गोलच्या तोंडाशी, साडेचार फुटांच्या पोरीनं उभं राहून करायचं.

तेव्हा ठरवलं, की हॉकीचा खरा संच घ्यायचा. फलटणला मिळणं शक्य नव्हतं. पहाटेची गाडी धरली. नीरा, जेजुरी, सासवड, दिवे घाट, म्हणजे माउलींची वाट उलटी, आणि स्वारगेट. पुण्यात चार दुकानं फिरलो. बाहेर काचेत बॅटी, आत बॅटी, माळ्यावरही बॅटी. हॉकीचं विचारलं की "स्टिक आहेत दोन" म्हणायचे. मुंबईत धोबीतलावाला मेव्हण्याकडून चौकशी करवली, तिथं माल होता पण मोठ्यांचा. शेवटी पुण्यातच एका दुकानात कीपरचा संच निघाला. मालक म्हणाला, "काका, ज्युनियर माप जालंधरवरून मागवावं लागेल, आठदहा दिवस. हा मोठ्यांतला स्मॉल आत्ता आहे. पोरं काय झपाट्यानं वाढतात हो! तीन वर्षं बघायला नको." ज्युनियरचे साडेतेरा हजार, याचे साडेचौदा. परदेशी संच लाखाच्या घरात असतात, त्याचा प्रश्नच नव्हता.

(जालंधर आणि मेरठ ही आपल्याकडची खेळाच्या सामानाची गावं. जालंधरचा हा धंदा फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी उभा केला. आमच्या पॅडच्या आत शिवलेल्या चिंधीवरही जालंधरच आहे. मालात खोट नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो.)

आता मी त्या दुकानदाराला दोष देऊ का? त्यानं जे सांगितलं ते मला आधीपासून पटलेलंच होतं. आमची पिढी वाढत्या मापातच वाढली. गणवेश वाढत्या अंगाचा, हातापायाला दुमडून टिपलेला. चपला वाढत्या, पुढं बोटात कापूस कोंबलेला. सायकल वडिलांची, दांड्याखालून लंगडी मारत शिकायची. त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. कपड्याचं माप चुकलं तर लोक हसतात, एवढंच. म्हणून मी साडेचौदा हजार मोजले, संच टपावर न टाकता शेजारच्या सीटवर ठेवून घरी आणला, आणि आमच्या घरी औक्षणही झालं त्याचं.

आता त्या दिवसाचं. मैदान मुरमाचं. पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोलवर जवळून मारायची संधी, मिळाला समोरच्यांना. नात खाली वाकायला गेली, पण पॅडचा वरचा भाग तिच्या पोटात रुतला. पॅड गुडघ्यापाशी वाकण्यासाठी केलेलं असतं, आणि तिचा गुडघा त्या वाकणाच्या चार बोटं खाली. त्यामुळे वाकताच येईना, नुसती अवघडून उभी. मारलेला चेंडू तसा जमिनीलगतच होता. खड्याला लागला आणि उसळला. गार्डचा गळा मोठा, तो पुढं लोंबलेला. चेंडू त्या फटीतून थेट गळपट्टीच्या हाडावर.

आवाज मला कुंपणाबाहेर ऐकू आला.

हाड मोडलं नव्हतं. एक्स-रे काढला, डॉक्टर म्हणाले नशीब. पण निळा डाग तीन आठवडे राहिला, आधी जांभळा, मग हिरवा, मग पिवळा. त्या तीन आठवड्यांत सुनेनं मला एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं वाटलं असतं. नात मात्र म्हणाली, "आबा, गोल नाही झाला ना पण?" खरंच झाला नव्हता. चेंडू हाडाला लागून बाहेर गेला होता.

सर घरी आले. तरुण माणूस, स्वतः कीपर म्हणून खेळलेला. त्यांनी मला काही न बोलता पोरीला पॅड घालायला लावले आणि मापं दाखवली. ती जशीच्या तशी देतो.

पॅडचं वाकण बरोबर गुडघ्याच्या वाटीवर आलं पाहिजे. खालचं टोक किकरवर टेकलं पाहिजे, मधे घोटा दिसता कामा नये. घालून उकिडवं बसायला लावायचं. पॅड पोटाला लागलं तर ते मोठं आहे, बाकी काही बघू नका. हेल्मेटचा पट्टा लावून मान डावी-उजवीकडं जोरात हलवायला सांगायची. डोक्याबरोबर हेल्मेट फिरलं तर ठीक, मागं राहिलं तर नको. जाळीतून बघताना डोळे मधोमध हवेत. पोरगी हनुवटी वर करून बघत असेल तर हेल्मेट खाली घसरतंय. छातीचं गार्ड गळपट्टीच्या हाडापासून सुरू व्हावं आणि दोन्ही हात डोक्यावर नेले तरी पोट उघडं पडू नये. गळ्याचं गार्ड वेगळं मिळतं, दिसायला कुत्र्याच्या पट्ट्यासारखं, म्हणून मुली घालायला लाजतात. लाजू द्या, पण घाला. दुकानात हे सगळं पोरीच्या अंगावर घालून बघायचं असतं. मी एकटाच गेलो होतो. पोरीचं माप न घेता पोरीचा संच आणायला गेलेला मी एकटाच नसेन, अशी आशा आहे.

बाकीच्या मुलींचंही थोडं. मैदानावर खेळणाऱ्यांना नडगीचे शिनपॅड, घोट्याचं संरक्षण आणि दाताचं माउथगार्ड वापरावं असं नियमांच्या पुस्तकात सुचवलेलं आहे, सक्ती नाही. म्हणून आमच्या संघात अकरा मुलींत माउथगार्ड एकीकडं. शिनपॅड फुटबॉलचे छोटे चालतात असं लोक समजतात. हॉकीत ते गुडघ्याच्या खालपासून घोट्याच्या वळणापर्यंत हवेत, कारण चेंडूइतकीच समोरचीची स्टिकही लागते. माउथगार्ड दीडशे रुपयांचं, गरम पाण्यात मऊ करायचं आणि चावून स्वतःच्या दाताचा ठसा घ्यायचा. या वयात दुधाचे दात पडतात, नवे येतात, त्यामुळे ठसा चुकतो आणि पुन्हा घ्यावा लागतो. आमच्या घरात आता रात्री दोन पेले भरून ठेवलेले असतात, एकात माझी कवळी, एकात नातीची. एकदा अदलाबदलही होता होता वाचली.

स्टिकचंही मी तेच केलं होतं, वाढत्या मापाची साडेछत्तीस इंची. ती तिला कमरेच्या वर यायची. आता चौतीसची आहे, कमरेपाशी येते.

मग नवा संच कुठून आणायचा? साडेचौदा हजार एकदा गेलेले. सरांनीच खडकीतल्या एका घरचा पत्ता दिला. तिथली मुलगी आता मोठ्या गटात खेळते, तिचे लहानपणचे पॅड, किकर आणि गार्ड माळ्यावर पडून होते. या वेळी नातीला घेऊन गेलो. तिनं त्यांच्या ओसरीवर सगळं अंगावर चढवलं आणि उकिडवी बसली. पोटाला लागलं नाही. चार हजारांत मिळालं. फोमला भेगा नव्हत्या, दोन पट्टे तुटले होते ते बॅगा शिवणाऱ्याकडून दीडशे रुपयांत करून घेतले. हेल्मेट मात्र त्या माउलीनं देऊ केलं तरी घेतलं नाही. ज्यानं एकदा जोराचा मार खाल्लाय त्या हेल्मेटवर भरवसा नसतो, तडा आतून गेलेला दिसत नाही. ते नवीन घेतलं, ज्युनियर मापाचं. आठ दिवस थांबलो.

खडकीला गेलो तर धनराज पिल्ले यांचा विषय निघणारच. तिथलेच ते. लहानपणी तुटक्या स्टिका जोडून खेळायचे आणि चार ऑलिंपिक खेळले. आमच्याकडं पालकांच्या बैठकीत कुणी सामानाचं काढलं की हमखास एक गृहस्थ उठतात, "धनराज तुटक्या स्टिकवर मोठा झाला, तुमचे लाड फार." त्यांना मी नम्रपणे सांगू इच्छितो, की तुटकी स्टिक जोडता येते. आणि धनराज पुढच्या फळीत खेळायचे, गोलमध्ये उभे नव्हते राहत. दुसरे एक म्हणतात, "ही काय ऑलिंपिक आहे का, चिल्ल्यापिल्ल्यांचा खेळ." अहो, ऑलिंपिकच्या टर्फवर चेंडू वेगात येतो हे खरं, पण सरळ तरी येतो. आमच्या मुरमावर तो सावकाश येतो आणि कुठून उसळेल ते देवालाही ठाऊक नसतं.

गोलकीपरांच्या गोष्टी आपल्या पेपरांत पदक मिळाल्यावर येतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली जर्मनीला ५-४ हरवून भारताला ब्राँझ मिळालं, तेव्हा आपल्या संघाचा गोलकीपर श्रीजेश याच्या वडिलांनी मुलाच्या किटसाठी गाय विकल्याची गोष्ट घराघरांत गेली. चांगली गोष्ट आहे, माझेही डोळे भरून आले. पण मला पुढचा प्रश्न पडतो: ज्याच्याकडं गाय नाही त्यानं काय करायचं? आणि गाय विकून चुकीच्या मापाचं आणलं तर?

भारताच्या मुलींच्या संघाकडून खेळलेली गोलकीपर सविता पुनिया, तिची गोष्ट मला जास्त बोचली. हरियाणातलं जोधकां तिचं गाव. सरावाला सिरशाला बसनं जायची. किटची भली मोठी बॅग, आणि कंडक्टर ती आत घेऊ द्यायचे नाहीत, टपावर टाक म्हणायचे. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण साल आठवत नाही, पण वीसेक वर्षांपूर्वी सकाळच्या गाडीत असंच एक पोर चढलं होतं, पोतंभर सामान घेऊन. गाडी भरलेली, मी वैतागलेलो. म्हटलं, "हे काय आत घालतोस, टपावर टाक नाहीतर उतर." ते उतरलं. मी घंटी मारली. पोत्यातून एक पॅड बाहेर डोकावत होतं, ते आज लख्ख दिसतं. कोण होतं, पुढं खेळलं का सोडलं, काही माहीत नाही. आज नातीची नऊ किलोची बॅग घेऊन मी गाडीत चढतो तेव्हा समोरचा कंडक्टर, माझ्या मुलाच्या वयाचा, तोंड वाकडं करतो आणि मला त्याला काही बोलता येत नाही.

आता मागणं. स्पर्धेच्या दिवशी सकाळी टेबल मांडून आधार कार्ड, जन्माचा दाखला, शाळेचं ओळखपत्र सगळं तपासतात. पोरगी सहा महिन्यांनी मोठी निघाली तर बाद करतात. त्याच टेबलावर तिला उकिडवं बसायला सांगायला किती वेळ लागतो? एक मिनिट. गोलकीपरला हेल्मेट, पॅड आणि किकर पाहिजेतच हा खेळाचा नियम आहे. २०१९ पासून तर संघात पूर्ण पोशाखातला कीपर हवा किंवा मग कीपरच नको, अर्धवट पोशाखात गोलमध्ये उभं राहण्याची सोय काढून टाकली आहे. आमच्या स्पर्धांत मात्र अजून क्रिकेटची हेल्मेटं चालतात, आणि माझ्यासारख्यांचे मांडीपर्यंतचे पॅडही.

दुसरं, कीपरचा संच हा एकेका घरानं घ्यायचा ऐवजच नाही. पोर दर दोन वर्षांनी त्यातून बाहेर पडतं. तालुक्याला तीन मापांचे चार-चार संच असले, आणि ते वाचनालयातल्या पुस्तकासारखे नावावर देऊन परत घेतले, तर कुणाला गाय विकायला नको आणि कुणाला वाढत्या मापाचं घ्यायला नको. कोण सांभाळणार, असं लगेच विचारतील. मी सांभाळतो. ३१ वर्षं तिकिटाच्या ट्रेचा हिशेब दिलाय, एकदाही पैसे कमी आले नाहीत. एक खोली आणि एक रजिस्टर द्या. सामान सावलीत वाळवायचं काम नात करेल. त्या घामट फोमचा वास फक्त तिलाच सहन होतो.

संच जमेपर्यंत सुरुवात माझ्या घरातून करतो. फोटोतले ते पॅड, किकर आणि गार्ड माझ्याकडं पडून आहेत, दोनच महिने वापरलेले. सरांच्या हिशेबानं नातीच्या मापाचे व्हायला अजून तीन वर्षं. तोवर तालुक्यातल्या ज्या मुलीला किंवा मुलाला ते बसतील त्यानं न्यावेत, पैसे नकोत, पुढं लहान झाले की परत द्यावेत. माझा पत्ता आपल्या कार्यालयात लिहून ठेवला आहे. येताना पोराला बरोबर आणा. अंगणात घालून बघू, उकिडवं बसवून. पोटाला लागले तर देणार नाही, कितीही लांबून आला असलात तरी.

आपला,
एक निवृत्त एसटी कंडक्टर, फलटण
(नाव छापू नये, नातीला शाळेत चिडवतील.)